नवा साहेब

बँकेत मी बत्तीस वर्षं कारकुनी केली. तेवढ्या काळात शाखेत नऊ मॅनेजर आले नि गेले. नवा साहेब आला की पहिल्या आठवड्यातच टेबलं हलवायचा. (खातेदारांना खिडकी सापडेनाशी व्हायची, ते वेगळंच.) त्यामुळे ‘नवा मॅनेजर’ म्हटलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. 2024 च्या मे महिन्यात तो पुन्हा आला. या खेपेला लिव्हरपूलसाठी.

डोंबिवलीच्या माणसाला लिव्हरपूलचं काय, असं शेजारी विचारतात. दोष मुलाचा. 2005 च्या मेमध्ये त्यानं मला मध्यरात्री उठवलं. इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगची फायनल चालू होती. मध्यंतराला मिलान 3-0 नं पुढे. ‘झोप आता,’ मी म्हटलं. तो हलला नाही, म्हणून मीही बसलो. लिव्हरपूलनं तिन्ही गोल फेडले आणि पेनल्टीवर कप नेला. आई उठू नये म्हणून बारा वर्षांचं पोर तोंडावर उशी दाबून ओरडत होतं.

लीगचं विजेतेपद मात्र 1990 पासून हुलकावणी देत होतं. युर्गन क्लॉप 2015 मध्ये आले आणि 2020 मध्ये तेही मिळालं. पण ऐन करोनात. रिकाम्या स्टँडमध्ये चषक उंचावला गेला. मुलगा बंगळुरात अडकलेला. फोनवर दोघंही ‘जिंकलो, जिंकलो’ म्हणालो, मग बोलायला काही सुचेना. लग्न लागावं नि मांडवात वऱ्हाडच नसावं, तसं झालं. भरलेल्या अ‍ॅनफिल्डवर एकदा तरी, एवढीच इच्छा उरली. आणि क्लॉपच निघाले.

निरोपाच्या दिवशी त्यांनी गर्दीसमोर येणाऱ्या माणसाच्या, आर्ने स्लॉटच्या, नावाचं गाणं म्हटलं. जाणाऱ्या साहेबानं असं केलेलं मी बत्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

स्लॉट हॉलंडच्या फेयेनूर्डहून आले. त्या मोसमासाठी संघात नवा असा एकटा किएझा. मुलगा चिडला, ‘‘बाबा, हे पैसे साठवून करणार काय?’’ मला मात्र धीर आला. टेबलं हलली नव्हती! फक्त ग्राव्हेनबर्ख नावाच्या पोराला मधल्या फळीत जरा मागं बसवलं, आणि तो तिथून सामने चालवू लागला. सप्टेंबरात नॉटिंगहॅम फॉरेस्टनं घरात येऊन 1-0 हरवलं, तेव्हा गोळा परत आला. पण त्यानंतर लीगमध्ये थेट एप्रिलपर्यंत हार नाही.

27 एप्रिल 2025, रविवार, रात्रीचे नऊ. टॉटनहॅमशी बरोबरीही पुरणार होती. मुलगा मुद्दाम घरी आला होता. पहिला गोल टॉटनहॅमचाच, मग 5-1. विसावं विजेतेपद, आणि सगळं अ‍ॅनफिल्ड गात होतं. मुलानं सवयीनं उशी ओढली.

‘‘ओरड खुशाल,’’ आतून त्याची आई म्हणाली, ‘‘मी जागीच आहे.’’

त्याच उन्हाळ्यात क्लबनं पाण्यासारखा पैसा ओतला. विर्ट्झ आला, इसाक आला. पोरगा फोनवर हरखून सांगत होता. मी विचारलं, ‘‘टेबलं हलवायला लागले की काय रे?’’