हवा पालटते तेव्हा : लेखांक ७
गगनबावडा ते शिरोळ

मागच्या लेखांकात उपग्रहांनी मोजलेली हिरवाई पाहिली. १९८२ ते १९९९ या काळात जगातल्या जमिनीवरचं वनस्पतींचं निव्वळ उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी वाढल्याचं रामकृष्ण नेमानी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलं. या वाढीतला ४२ टक्के वाटा एकट्या ॲमेझॉनच्या जंगलांचा, आणि कारण तिथले ढग विरळ होणं. ढग हटले म्हणून जंगल फोफावलं, हे चटकन पटत नाही.

पटवून घ्यायला जुलैत गगनबावड्याला जावं. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आठवडाआठवडा सूर्यदर्शन नाही. तिथल्या भाताला पाण्याची ददात नाही. त्याचं अडतं ते उजेडावाचून. शंभरेक किलोमीटर पूर्वेला, शिरोळात, वर्षाचा पाऊस जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर. तिथे ऊन रग्गड, तूट पाण्याची. ती भागते नदीवरच्या उपसा योजनांनी, म्हणजे शेवटी राधानगरीसारख्या धरणांमुळे. एकाच जिल्ह्यात पिकाला अडवणारी गोष्ट अशी पार उलटी होते. त्यामुळे हवामानबदलाने पीक वाढणार की घटणार, असं सरसकट विचारण्यात अर्थ नाही. पिकाचं आज कशामुळे अडतंय, ते आधी बघायला हवं.

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचंच घ्या. औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत २८० भाग असलेला हा वायू आता ४२० च्या पुढे गेला आहे. भात, सोयाबीन, भुईमूग यांच्या ते काहीसं पथ्यावर पडतं. उसाला त्याचं फारसं अप्रूप नाही, कारण हा वायू गोळा करून आतल्या पेशींना दाटीने पुरवण्याची सोय उसाच्या पानात मुळातच आहे. ती उलगडलीही उसातच : आधी हवाई बेटांवर कॉर्टशाक यांच्या कामात, मग १९६६ च्या सुमारास ब्रिस्बेनला हॅच आणि स्लॅक यांच्या हातून, तेही एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत. आपल्या कारखान्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

उसाची खरी भीती पाण्याची. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ दरम्यान महाराष्ट्रासह मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. गेल्या वर्षीची आडसाली तोवर डोक्यावर गेलेली असते. तिचा शेंडा पाण्यावर राहिला तर पुष्कळ निभावतं. नुकतीच केलेली लावण मात्र अख्खी बुडते. पोंग्यात गाळाचं पाणी शिरलं की वाढीचा कोंब कुजतो, मग कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा येतात आणि त्यांना पोसायला कांडीतली साखरच खर्ची पडते. पाणी ओसरलं तरी वाफसा येईपर्यंत मुळं गुदमरलेलीच असतात, कारण ऑक्सिजन हवेच्या मानाने पाण्यातून हजारो पटींनी सावकाश पसरतो. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला मात्र पांगशा फुटलेलं शेतही हिरवंच दिसतं. म्हणून हिरवाईच्या नकाशावर मी उत्पन्नाचा हिशेब मांडत नाही.

दुसरा धोका रात्रीचा. कोल्हापूर विभागाचा साखर उतारा एरवी राज्यात वरचा असतो. हिवाळ्यातल्या कोरड्या, गार रात्रींत उसाची वाढ मंदावते आणि साखर साठते. रात्री उबदार राहिल्या की दिवसभराच्या कमाईतला मोठा भाग श्वसनातच जातो. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने २००४ साली आपल्याच शेतातल्या नोंदींवरून दाखवलं की, कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान १ अंशाने वाढलं की भाताचं उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटतं. तो आकडा जसाच्या तसा आजऱ्याच्या घनसाळाला लावता येणार नाही. पण त्यामागचं कारण तिथेही तेच आहे, आणि सुवासिक भाताला दाणा भरताना गारवा अधिकच लागतो.

पुढच्या आठवड्यात मसाई पठाराकडे वळू. तिथे पाणीही आहे आणि ऊनही. अडतं ते मातीवाचून.