सोडा आधी की तेल?

भज्यांच्या पिठात आपण चिमूटभर टाकतो तो खायचा सोडा काही ठिकाणी खडकातच तयार मिळतो. त्या खनिजाला नाहकोलाइट म्हणतात. त्याच्या जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक अमेरिकेत, कोलोरॅडो राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या पिआन्स खोऱ्यात आहे. अडचण एवढीच, की तिथे सोडा एकटा नाही. तो ज्या खडकात रुतून बसलाय, त्याच खडकात तेलाचा कच्चा मालही आहे.

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी इथे एक विस्तीर्ण तळं होतं. पाणी आत यायचं, पण बाहेर पडायला वाट नव्हती. त्यामुळे ते आपल्या लोणारच्या सरोवरासारखं खारं आणि सोडायुक्त होत गेलं. शेवाळ मरून तळाच्या गाळात साचलं, त्याचं केरोजेन झालं; तेलाचा कच्चा माल तो हाच. गाळाचा खडक झाला, तो ऑइल शेल. पाण्यातला सोडाही त्याच गाळात साकळला, कुठे गाठींच्या रूपात, कुठे सलग थरांत. अमेरिकी भूविज्ञान सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार या खोऱ्यात जमिनीखाली दीड लाख कोटी बॅरल तेल देऊ शकेल एवढं केरोजेन आणि सुमारे ३९ अब्ज टन नाहकोलाइट आहे. हा हिशेब जागेवर असलेल्या साठ्याचा, हाती लागेल एवढ्याचा नव्हे.

सोडा काढायला माणूस खाणीत उतरत नाही. सुमारे ६०० मीटर खोल बोअर घेतात, त्यात पोलादी केसिंग घालून भोवती सिमेंट भरतात आणि दाबाखाली गरम पाणी सोडतात. सोडा विरघळतो, शेल विरघळत नाही. एक लिटर पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ९६ ग्रॅम सोडा मावतो, ६० अंशांना सुमारे १६५ ग्रॅम. म्हणून गरम द्रावण वर आणून थंड केलं की लिटरमागे साठ-सत्तर ग्रॅम सोडा स्फटिक होऊन खाली बसतो. उरलेलं पाणी पुन्हा तापवून खाली पाठवायचं. सुरुंग नाही, मातीचे ढिगारे नाहीत. वरून पाहणाऱ्याला हे काम अगदी सोज्वळ वाटतं.

खाली काय होतं ते समजायला आधी पाण्याची घडण पाहावी लागते. इथल्या भूजलाचे मुख्य दोन थर आहेत. वरचं पाणी बरं, खालचं खारट; काही ठिकाणी तर समुद्राच्या पाण्याशी बरोबरी करणारं. दोन्हींच्या मधे ‘महॉगनी’ नावाचा, तेलाने समृद्ध शेलचा पट्टा आहे. तो पाणी अडवतो, पण पूर्णपणे नाही. खालच्या थरातल्या सोड्याच्या गाठी भूजलाने केव्हाच विरघळवून नेल्या आहेत. तो खडक जाळी पडल्यासारखा पोकळ झालाय. द्रावणाने सोडा काढण्याचं काम निसर्ग आपल्या किती तरी आधीपासून करतोय. मात्र एका सीमेवर तो थांबला. त्या सीमेखालचा खडक इतका घट्ट आहे की पाणी आत शिरलं नाही, म्हणूनच तिथला सोडा टिकला. खाणीचा बोअर नेमकी ही सीमा ओलांडतो.

पहिला धोका इथेच. केसिंगभोवतीचं सिमेंट कुठे सुटलं, तर दाबाखालचं सोड्याचं पाणी वरच्या थरात चढू शकतं. दुसरा धोका पोकळीचा. गाठी निघून गेल्या की शेलचा आधार जातो, उष्णतेने तो तडकतो, छत ढासळतं. पोकळी वर सरकत त्या सीमेला भिडली, तर खालच्या थरातलं पाणी आत घुसतं. मग सोडा कुठे विरघळायचा हे खाणवाला ठरवत नाही. खोऱ्यातलं भूजल ओढ्यांत झिरपतं, ओढे व्हाइट नदीला मिळतात, व्हाइट ग्रीनला आणि ग्रीन कोलोरॅडो नदीला. त्या नदीच्या वाढत्या खारेपणाला आळा घालण्यासाठी अमेरिकेला १९७४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

आता तेलाकडे वळू. शेलमधून तेल हवं तर खडक ३०० अंशांच्या बराच वर तापवावा लागतो. सोडा आत ठेवून तो तापवला, तर भजी तळताना पिठात होतं तेच होतं: खायच्या सोड्यातून वायू सुटतो आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. एक टन नाहकोलाइटमधून सुमारे २६० किलो कार्बन डायऑक्साइड आणि १०० किलोहून थोडी जास्त वाफ निघते. इंधन जातं, हवेत भर पडते आणि खायचा सोडाही हातचा जातो.

मग सोडा आधी काढणं शहाणपणाचं, असं वाटतं. उष्णता आणि वाफ खेळायला पोकळ्याही आयत्या मिळतात. पण या पोकळ्यांत पाणी भरलेलं असतं, आणि पाण्यात बुडालेला खडक तापवणं म्हणजे आधी ते पाणी उकळून काढणं. ‘शेल’ नावाच्या तेल कंपनीने याच खोऱ्यात जमीन गोठवून बर्फाची भिंत उभारून पाहिली, ती भूजल बाहेर ठेवायलाच. २०१३ मध्ये कंपनीने तो प्रकल्प सोडला. शिवाय ढासळलेल्या छतातला समृद्ध शेल पुढे सलगपणे तापवता येईलच असं नाही. १९२० च्या खनिज कायद्यात सोडियम आणि ऑइल शेल यांचे भाडेपट्टे वेगवेगळे आहेत. खडक मात्र एकच.

म्हणून सोडा आधी की तेल, हा प्रश्न फिरून पाण्यापाशीच येतो. दोन पट्टेदारांमधला हा तिसरा वाटेकरी कागदावर दिसत नाही. सोडा काढून झाल्यावर बोअर सिमेंटने बुजवतात. ज्या खडकाने ५ कोटी वर्षं पाणी बाहेर ठेवलं, त्याच्या जागी यापुढे त्या बुचाने पहारा द्यायचा असतो.