गाडी तिकडे, रायडर इकडे!

बाइकवेड्या ग्रुपमध्ये लडाखनंतरचा प्रश्न ठरलेला असतो, 'आता पुढे कुठे?' स्पिती झालेलं असतं, कोकण तर वर्षातून दोनदा होतंच. मग कुणीतरी परदेशाचं नाव काढतं आणि चर्चा तिथेच अडते. इथली गाडी तिकडे न्यायची कशी? भाड्याने घेतली तर परवडणार का? जगभरच्या रायडर्सनी यावर एक वेगळाच रस्ता शोधलाय. तिकडेच सेकंडहँड गाडी घ्यायची, सुट्टी संपली की तिथेच ठेवायची आणि पुढच्या वर्षी विमानाने जाऊन पुन्हा सेल्फ मारायचा!

आपल्याकडे येऊन गाडी घेणारेही आहेत. 'इची बूट्स' या यूट्यूब चॅनेलची डच रायडर नोराली हिने २०१८ मध्ये भारतात रॉयल एन्फिल्ड हिमालयन घेतली, तिचं नाव ठेवलं 'बसंती' आणि तिच्यावरून थेट नेदरलँड्सपर्यंत घर गाठलं. नंतर दक्षिण अमेरिकेत दुसरी हिमालयन घेतली. तिचं नाव अर्थातच 'धन्नो'. पण २०२० मध्ये कोविडमुळे पेरूत सगळं ठप्प झालं आणि तिला गाडी मागे ठेवून मायदेशी परतावं लागलं. गाडी एका देशात आणि मालकीण दुसऱ्या देशात, ही वेळ अशी न ठरवताही येऊ शकते. काही जण ती ठरवून आणतात, इतकाच फरक.

तीन पर्याय

पहिला, आपलीच गाडी न्यायची. त्यासाठी अनेक देशांत 'कार्ने' लागतं. हा गाडीचा पासपोर्टच समजा. मुदत एक वर्ष. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन तो देते, पण गाडीच्या किमतीच्या हिशेबाने डिपॉझिट किंवा बँक गॅरंटी द्यावी लागते. गाडी तिकडेच राहिली, तर त्या देशाचं सीमाशुल्क आपल्या गळ्यात. शिवाय जहाजाचा खर्च आहेच. दुसरा पर्याय भाड्याच्या गाडीचा. तो सगळ्यात सोपा, पण मीटर रोज पळतो. तिसरा, तिथेच गाडी विकत घेण्याचा.

न्यूझीलंडच का?

परक्या माणसाला गाडी नावावर करता येते, असे देश मोजके. त्यात न्यूझीलंड रायडर्सचं लाडकं. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं. आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिथे उन्हाळा, म्हणजे नाताळची सुट्टी फिट बसते. आपलं इंग्रजी छापलेलं लायसन्स पाहुण्यांना वर्षभर तरी चालतं. आणि रस्ते? क्वीन्सटाउन ते वानाका हा क्राउन रेंजचा घाट १,०७६ मीटरवर जातो. वेलिंग्टनहून पिक्टनला जायला गाडी फेरीत दोरीने बांधायची आणि साडेतीन तास समुद्र बघायचा. थेट दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल. तिथल्या बर्ट मन्रो आजोबांनी १९२० सालच्या इंडियन स्काउटवर १९६७ मध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी, अमेरिकेत वेगाचा विक्रम केला होता. ती गाडी आजही गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात बघायला मिळते.

कागदपत्रं आपल्या आरटीओच्या मानाने सुटसुटीत. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट आणि तिथला एक पत्ता असला, की एजंट काउंटरवर गाडी नावावर होते. पण दोन गोष्टी तपासाच. एक, 'वॉरंट ऑफ फिटनेस'. विकणाऱ्याने ते महिन्याभरातलं दाखवायला हवं. दुसरी, गाडीवर कर्ज आहे का. तिथे त्यासाठी सरकारी रजिस्टर आहे, किरकोळ फी भरून बघता येतं. जुन्या मालकाने कर्ज थकवलं असेल, तर कंपनी गाडी तुमच्याकडूनही उचलून नेऊ शकते. नोंदणीवर नाव असणं म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, असं तिथला कायदा म्हणतो. त्यामुळे खरेदीची सही केलेली पावती जपून ठेवा.

हिशेब मांडून बघू

आकडे उदाहरणापुरते धरूया. भाडं दिवसाला ८ हजार रुपये, ट्रिप २१ दिवसांची. म्हणजे एका ट्रिपचे १ लाख ६८ हजार. आता तीच गाडी ४ लाखांना घेतली आणि तीन वर्षांनी अडीच लाखांना विकली. दीड लाख गेले. नोंदणी, विमा, सर्व्हिसिंग आणि ठेवण्याचं भाडं मिळून वर्षाला ६० हजार, म्हणजे तीन वर्षांचे १ लाख ८० हजार. एकूण ३ लाख ३० हजार.

तीनही वर्षं गेलात, तर भाड्याचे ५ लाख ४ हजार झाले असते. म्हणजे गाडी घेणं फायद्याचं. दोनदाच गेलात, तर ३ लाख ३६ हजार, जवळजवळ बरोबरी. एकदाच गेलात, तर सरळ दीड लाखाहून जास्त तोटा. म्हणून खरा प्रश्न गाडी कितीला मिळते हा नाहीच. नोकरी लागल्यावर दरवर्षी तीन आठवडे सुट्टी मिळेल का, व्हिसा मिळेल का, तिकिटाचे पैसे उरतील का, हा आहे. तो विचार न करता घेतलेली गाडी म्हणजे परदेशात धूळ खात पडलेली ईएमआय.

धूळ खाताना काय होतं?

सगळ्यात आधी मरते बॅटरी. ती काढून ठेवावी किंवा मेंटेनन्स चार्जरवर लावावी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं. त्यामुळे स्टॅबिलायझर टाकून टाकी फुल्ल करायची, लोखंडी टाकी रिकामी राहिली तर आतून गंजते. कार्ब्युरेटर असेल तर तो रिकामा करायचा. ऑइल परत आल्यावर नाही, ठेवण्याआधी बदलायचं, कारण वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल इंजिन आतून खातं. चेनला ल्यूब, चाकांत हवा जरा जास्त, गाडी सेंटर स्टँडवर. सायलेन्सरच्या तोंडाला बोळा, नाहीतर उंदीर संसार थाटतात. (फक्त सुरू करताना तो काढायची आठवण ठेवा!) गोव्यात पावसाळ्यात घरमालकाकडे गाडी ठेवून जाणाऱ्या परदेशी पाहुण्यांना विचारा, खारी हवा काय करते ते.

कागदही गंजतात. न्यूझीलंडमध्ये गाडी वापरात नसेल, तर नोंदणी किमान तीन महिने 'होल्ड'वर टाकता येते, पण मुदत संपण्याआधी अर्ज करावा लागतो. विसरलात आणि वर्षभर मुदत संपलेलीच राहिली, तर नोंदणीच रद्द होते. मग चांगली चालती गाडी कागदावर भंगार! ब्रिटनमध्येही गाडी रस्त्यावर आणणार नाही, असं 'सॉर्न' नावाचं जाहीरपत्र द्यायची सोय आहे. ते दिलं की टॅक्स नाही, पण गाडी खासगी जागेतच हवी.

आणि ठेवायची कुणाकडे? ऑकलंडला मावशी असेल तर प्रश्न मिटला, असं वाटतं. पण मावशीच्या गॅरेजमधली जागा फुकट असली, तरी मावशीने घर बदललं तर? चोरी झाली तर विमा कुणाच्या नावावर? दूरच्या मित्राशी संबंध बिघडायला एक बंद पडलेली बाइक पुरते. त्यामुळे किती महिने, भाडं किती, किल्ली कुणाकडे, ती व्यक्ती गाडी चालवू शकते का, हे ओळखीच्या माणसाशीही लिहून ठरवा. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

आत्तापासून करता येईल असं

- लायसन्सवर गिअरवाल्या मोटारसायकलचा क्लास आहे ना, बघा. फक्त बिनगिअरच्या स्कूटरचं लायसन्स उपयोगाचं नाही.
- आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओत १ हजार रुपयांत मिळतो, मुदत एक वर्ष. तिकीट निघाल्यावरच काढा.
- पुढचं हेल्मेट घेताना आयएसआयसोबत ईसीईचा शिक्काही बघा.
- ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या बारीक अक्षरांत किती सीसीपर्यंतची बाइक चालते, ते वाचा. न्यूझीलंडमध्ये अपघातात जखमी झालेल्या पाहुण्यावरही सरकारी योजनेतून उपचार होतात, पण समोरच्याच्या गाडीचं नुकसान तुमच्या खिशातून जातं. तिथे विमा सक्तीचा नसला, तरी थर्ड पार्टी घ्याच.
- पहिली ट्रिप भाड्याच्या गाडीवर करा. देश आवडला आणि परत जाणार हे नक्की झालं, तरच 'विकत' हा शब्द काढा.

आणि सगळ्यात स्वस्त सराव घरचाच. परीक्षेच्या काळात दोन महिने गाडी उभी राहते ना? यंदा ती नीट ठेवून बघा. पेपर संपल्यावर पहिल्या सेल्फला सुरू झाली, तर न्यूझीलंडच्या तयारीचा पहिला पेपर पास!