आपली सहल, आपलं नियोजन: बीड ते मालवण, सहा दिवस, माणशी ५,३०० रुपये



गटांच्या बैठकांना गेलं की हिशोबाची वही बंद झाल्यावर एक विषय हमखास निघतो. "मॅडम, समुद्र बघायचाय एकदा." मग दुसरी म्हणते, "पैसा कोण देणार?" तिसरी म्हणते, "घरचे सोडतील का?" आणि विषय तिथंच संपतो. या अंकात तो विषय पुढे नेऊ.

आपल्या जिल्ह्यातल्या बायांना प्रवास नवा नाही. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो जोड्या कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटकपर्यंत जातात. सहा महिन्यांचं धान्य, भांडी, लेकरं, जनावरं, औषधं सगळं बाईच बांधते. त्यापुढे सहा दिवसांची सहल म्हणजे लहान काम आहे. फरक एवढाच, की यावेळी तारीख, खर्च आणि रस्ता आपण ठरवायचा. म्हणून यात्रा कंपनी नाही, एजंट नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कर्ज नाही.

पैसा कुठून आणायचा

सहलीसाठी गटाचं अंतर्गत कर्ज घेऊ नका. फिरता निधी आणि समुदाय गुंतवणूक निधी तर त्यासाठी नाहीतच. शेळी घेतली तर शेळी कर्ज फेडते, सहल काही फेडत नाही. हिशोब करून बघा. ५,३०० रुपये दरमहा शेकडा दोनने घेतले आणि मुद्दल बारा सारख्या हप्त्यांत फेडलं, तरी व्याज ६८९ रुपये होतं. तेवढ्यात मालवणला जवळपास दोन रात्री राहून होतात. आणि मुकादमाकडून "थोडी जास्तीची उचल" घेऊन तर अजिबात जायचं नाही. तो पैसा पुढच्या हंगामात ऊस तोडून फेडावा लागतो.

मग काय करायचं? आठवड्याला १०० रुपये बाजूला. ५३ आठवड्यांत ५,३०० होतात. हे पैसे गटाच्या नेहमीच्या बचतीत मिसळू नका, नाहीतर पंचसूत्रीचा सगळा हिशोब बिघडतो. सोपा मार्ग म्हणजे प्रत्येकीने स्वतःच्या बँक खात्यावर एक वर्षाची आरडी काढायची, महिन्याला ४५० रुपयांची. वर्षाला ५,४०० होतात, वर थोडं व्याज. पैसा आपल्याच नावावर राहतो. मध्येच कुणाला जमणार नाही असं झालं, तर गटात वाद होत नाही. गटाच्या वहीत फक्त "कुणाचा हप्ता भरला" एवढी नोंद ठेवा.

एसटी की रेल्वे?

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांपुढच्या आजीला प्रवास मोफत आहे, वयाचा पुरावा जवळ हवा. आपलं सगळं गणित या सवलतीवर उभं आहे, म्हणून तिच्या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. सावंतवाडीहून गोवा जवळ आहे, पण हद्दीपलीकडे पूर्ण भाडं लागतं. सावंतवाडीहून कोल्हापूरला येणाऱ्या काही गाड्या निपाणीवरून येतात आणि निपाणी कर्नाटकात आहे. म्हणून चढण्याआधी कंडक्टरला विचारा, "गाडी गारगोटीवरून जाते का निपाणीवरून?"

दोन, शिवशाहीचं मूळ भाडंच जास्त असतं, म्हणून तिचं अर्धंही जास्त पडतं. लालपरीने चला.

तीन, एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास असतो, चार आणि सात दिवसांचा. पण आपल्या या प्रवासाला अर्धं तिकीटच त्याहून स्वस्त पडतं.

बीडला १७ सप्टेंबर २०२५ पासून रेल्वे आली, मग रेल्वेने का नको, असं कुणी विचारेल. ती गाडी अहिल्यानगरला जाते. तिथून कोकणात जायला मोठा वळसा आहे. कोकण रेल्वेने कणकवली, कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरलं, तरी मालवण गाठायला पुन्हा बस किंवा रिक्षा आलीच. शिवाय रेल्वेत बायकांना अर्धं तिकीट नाही. मला विचाराल तर यावेळी एसटीच बरी.

रस्ता आणि दिवस

पहिला दिवस: पहाटे बीडहून निघून कोल्हापूर. साधारण ३५० किलोमीटर, पूर्ण दिवस जातो. थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर बार्शी आणि पंढरपूरला गाडी बदला. मुक्काम कोल्हापूर.

दुसरा दिवस: सकाळी अंबाबाईचं दर्शन. साडेतीन शक्तिपीठांपैकी तुळजापूर आपण बघितलेलं असतंच, हे दुसरं. दुपारच्या आत मालवणची गाडी धरा, पाच तासांच्या आसपास लागतात. घाट दिवसाउजेडी उतरायचा. मुक्काम मालवण.

तिसरा दिवस: सकाळी होडीने सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी याचं बांधकाम सुरू केलं. किनाऱ्यापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर, कुरटे बेटावर तो उभा आहे. चारही बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या बायांनी या विहिरी जरूर बघाव्यात. किल्ल्यात शिवाजी महाराजांचं मंदिरही आहे, ते राजाराम महाराजांनी बांधलं. दुपारनंतर तारकर्लीचा समुद्रकिनारा. मुक्काम मालवण.

चौथा दिवस: मालवणहून वेंगुर्ला. इथं मांडवी खाडीत "स्वामिनी" नावाच्या बचत गटाच्या बाया स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात उगवणारी झाडी. ती लाटांपासून किनारा धरून ठेवते आणि माशांची पिल्लं तिच्या मुळांत वाढतात. २०१७ पासून हे काम सुरू आहे. फेरी भरती-ओहोटी बघून असते, म्हणून आधी फोन करून वेळ घ्या. आपल्याकडे गटाचा धंदा म्हटलं की शेळी, शिलाई आणि पापड यापुढे गाडी जात नाही. खाडी दाखवणं हाही धंदा होतो, हे तिथं बघायला मिळेल. होडीत बसून त्यांना विचारा, पाळ्या कशा लावता, पैसे कसे वाटता, पावसाळ्यात काय करता. संध्याकाळी सावंतवाडी, मुक्काम तिथंच.

पाचवा दिवस: सकाळी सावंतवाडीची लाकडी खेळणी बघा, मग आंबोली घाटाने कोल्हापूर. मुक्काम.

सहावा दिवस: कोल्हापूर ते बीड.

माणशी खर्च

जाऊन-येऊन प्रवास साधारण १,०६० किलोमीटर होतो. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा. जानेवारी २०२५ च्या दरवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे साधारण दहा रुपये पडतात, आपल्याला पाच. बाकीचे आकडे काटकसरीने धरलेला अंदाज आहे. निघण्याआधी महिनाभर फोन करून पक्के करा.

- एसटी, अर्धं तिकीट: ९५० रुपये
- गाव ते बीड आणि तिथल्या रिक्षा: ४००
- मुक्काम, पाच रात्री (कोल्हापूर दोन, प्रत्येकी २५०; मालवण दोन, प्रत्येकी ४००; सावंतवाडी एक, ३५०): १,६५०
- जेवण, चहा (पहिल्या दिवशी १००, पुढे रोज २५०): १,३५०
- किल्ल्याची होडी, खाडीची फेरी: ४५०
- अडचणीसाठी राखीव: ५००
- एकूण: ५,३००

मुक्कामाचा दर एका खोलीत चौघी धरून काढलाय. म्हणून आठ किंवा बारा जणी जा. नऊ झाल्या की एकीसाठी वेगळी खोली लागते आणि सगळा हिशोब हलतो. साड्या, खेळणी, काजू, कोकम यांचा खर्च ज्याचा त्याने.

जेवणात बचत घरूनच सुरू होते. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी दोन दिवस पुरते. माळकरी बायांनी काळजी करू नये, तिकडं शाकाहारी थाळी मिळते आणि ती मासळीच्या थाळीपेक्षा स्वस्त असते. भाकरी मात्र ज्वारीची नाही, तांदळाची.

कधी जायचं

पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, किल्ल्याची होडी बंद असते. दिवाळीची सुट्टी, डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि मे महिना यांत गर्दी असते आणि खोल्या महाग होतात. गावातच राहणाऱ्या बायांसाठी जानेवारी चांगला: सोयाबीन, कापूस उरकलेला असतो, ज्वारी काढणीला अजून वेळ असतो. ऊसतोडीला जाणाऱ्या गटांनी परत आल्यावर एप्रिलमध्ये, मेची गर्दी सुरू व्हायच्या आत जावं. मार्चमध्ये जमत असेल, तर महिला दिनाच्या आठवड्यात पर्यटन महामंडळाच्या निवासांत महिलांना सवलत मिळत आली आहे. बुकिंग करताना विचारून घ्या.

कामं वाटून घ्या

एकीवर सगळं टाकू नका. एकीकडे पैसा आणि वही, एकीकडे गाड्या, एकीकडे खोल्या, एकीकडे औषधं. रोज रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं हिशोब वाचायचा, जसा बैठकीत वाचतो तसाच.

खोली ठरवताना फोनवर सरळ विचारा: एका खोलीत किती जणी, शौचालय आत आहे का, गरम पाणी मिळतं का, बसस्टँडपासून किती लांब. सगळे पैसे आधी पाठवू नका. थोडी विसार रक्कम द्या, बाकी तिथं पोचल्यावर. कुणी ओटीपी मागितला किंवा "आत्ताच्या आत्ता पूर्ण पैसे भरा" म्हणून घाई केली, तर फोन ठेवून द्या. खोल्या दुसरीकडेही मिळतात.

सोबत आधार कार्ड, बीपी-शुगरच्या गोळ्या सहा दिवसांच्या वर दोन दिवस जास्तीच्या, घाटात उलटीचा त्रास असेल तर त्याची गोळी, पॅड, टॉर्च. शौचालयाची सोय नाही म्हणून बाया प्रवासात पाणीच पीत नाहीत. कोकणात हवा दमट असते, घाम फार जातो, न पिता चक्कर येते. पाणी प्या आणि मोठ्या बसस्थानकावर गाडी थांबली की उतरून जाऊन या.

समुद्राबद्दल एक नियम: पाण्यात घोट्यापर्यंत. साडी भिजली की जड होते आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. विहिरीत पोहणारीनेही समुद्रात पोहू नये. भरती-ओहोटी तिथल्या माणसांना विचारा. होडीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. अडचण आली तर ११२, महिलांसाठी १८१.

घरचे सोडतील का?

सज्ञान बाईला प्रवासाला जायला कायद्याने कुणाची सही लागत नाही. पण घर चालवायचं असतं हेही खरं. म्हणून आदल्या दिवशी सांगू नका. वर्षभर आरडी भरताना घरात बोलत राहा. तारखा, रस्ता, मुक्कामाचा फोन नंबर कागदावर लिहून घरात चिकटवा.

दूध, शेरडं, लेकरांचा डबा याची सोय गटातच होऊ शकते. पहिल्या वर्षी निम्म्या बाया जातील, निम्म्या मागं राहून त्यांची कामं बघतील. दुसऱ्या वर्षी उलट. वहीत जोड्या लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या वर्षी कुणी विसरत नाही. गटातल्या एकल बायांना पहिल्या यादीत घ्या. लग्नकार्यात, जत्रेत त्यांना बोलावणं फार कमी येतं, आणि त्यांची जोडी लावायला गटाशिवाय कुणी नसतं.

पुढच्या बैठकीत

तीन गोष्टी करा. कोण कोण येणार त्यांची नावं लिहा. कुठला महिना ते ठरवा. आणि त्याच आठवड्यात बँकेत जाऊन आरडी सुरू करा. आगारातून गाड्यांच्या वेळा मिळवायला किंवा खोल्यांसाठी फोन करायला मदत लागली, तर आपल्या समूह संसाधन व्यक्तीला सांगा, मी बैठकीला येईन. ज्या गटाची सहल होईल, त्यांनी आपला खरा खर्च लिहून पाठवावा. वरचे आकडे आणि तुमचे आकडे शेजारी-शेजारी छापू, म्हणजे पुढच्या गटाला अंदाजावर जावं लागणार नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक