बरगडी शाबूत, पण ती शेवटची ओळ?

पावसाळा, रविवार आणि चिंचोटीचा धबधबा! वसई-विरारकरांचं हे समीकरण पक्कं. हायवे सोडून जंगलातली पायवाट धरायची, मनसोक्त भिजायचं आणि सोमवारी पुन्हा विरार लोकल. अशाच एका रविवारी आमच्या ग्रुपमधला एक जण शेवाळलेल्या दगडावरून घसरला आणि छातीवर आपटला. सीटी स्कॅन झाला. बरगडी शाबूत, म्हणून आम्ही पार्टीही उकळली. रिपोर्टच्या तळाशी मात्र एक ओळ होती, हृदयाच्या धमन्यांमध्ये कॅल्शियम! वय वर्षं 38. पठ्ठ्याने फाइल सरळ कपाटात टाकली.

अशा न शोधता सापडलेल्या गोष्टींना डॉक्टर 'इन्सिडेन्टल फाइंडिंग' म्हणतात. छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसांबरोबर हृदयही दिसतंच ना! कोविडच्या काळात, 2020-21 मध्ये, कितीतरी जणांनी छातीचा एचआरसीटी केला. फक्त कोविडचा स्कोअर पाहिला आणि फाइल बंद. तुमचीही असेल, तर आज पुन्हा उघडा.

हे कॅल्शियम दुधातलं नव्हे, बॉस! धमनीच्या भिंतीत चरबीचे थर साठतात, जुने होतात आणि तिथे कॅल्शियम बसतं. याचा अर्थ ब्लॉकेज असेलच असं नाही, पण आजार सुरू झाल्याची ती खूण. साध्या स्कॅनवर थोडं, मध्यम की जास्त एवढा अंदाज येतो. नेमकं मोजमाप होतं ते 1990 मध्ये आलेल्या अ‍ॅगॅट्स्टन स्कोअरने. आकडा 100 च्या पुढे गेला की सावध व्हायचं. आणि तिशीत शून्य आला म्हणून सिगारेटला परवाना नाही, कारण कोवळ्या थरांत कॅल्शियम नसतंच.

मग लगेच अँजिओग्राफी? काही त्रास नसेल तर सहसा नाही. आधी फिजिशियनला रिपोर्ट दाखवा. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासा. घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर तेही सांगा. गोळी हवी की नको, ते डॉक्टर ठरवतील. छातीत दाब किंवा धाप जाणवत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

आई-बाबांच्या फायलीही चाळा. पोटाच्या स्कॅनमध्ये महाधमनी 3 सेंमी किंवा जास्त रुंद लिहिली असेल, तर तो फुगवटा. त्यावर लक्ष ठेवावंच लागतं.

आमचा मित्र चार महिन्यांनी एकदाचा डॉक्टरांकडे गेला. कोलेस्टेरॉल चढलेलं निघालं. आता गोळी चालू, सिगारेट बंद. आणि हो, चिंचोटीच्या त्या दगडाला शिव्या घालणंही त्याने सोडलंय!