गाडीतला स्पीकर खरखरतोय? जोडी बदलण्याआधी वायर बघा

सुरत : नंदुरबार-नवापूरकडची माणसं लग्नाच्या खरेदीला सुरतेला निघाली की उधना नाहीतर लिंबायतच्या नातेवाइकांकडे उतरायचं, कापड मार्केट करायचं आणि वेळ मिळाला तर गाडीच्या टेपचंही काम उरकायचं, असा बेत असतो. दुकानात ‘एक बाजू वाजत नाही’ एवढंच सांगितलं की पुष्कळदा ‘जोडी बदला’ हेच उत्तर मिळतं. जोडी बदलते, पैसे जातात आणि परतीच्या वाटेवर सोनगड यायच्या आत पुन्हा तीच खरखर. दोष स्पीकरमध्ये नव्हताच, वायरमध्ये होता.

आवाज टेपमधून निघतो, वायरीतून जातो आणि स्पीकरमधून बाहेर पडतो. दोष या तिघांत कुठे आहे ते आधी ठरवायचं. टेपच्या सेटिंगमध्ये बॅलन्स आणि फेडर असतात. त्यांनी आवाज एकेका कोपऱ्यात नेऊन ऐकायचं. चारही कोपऱ्यांत खरखर असेल तर संशय टेपवर, मोबाइलच्या केबलवर किंवा खुद्द गाण्याच्या फाइलवर. एकच कोपरा बिघडला असेल तर बिघाड तिथल्या वायरीत किंवा स्पीकरमध्ये असण्याची शक्यता जास्त.

मग दार हळूहळू उघडून-लावून बघायचं. दार हलताना आवाज येत-जात असेल तर स्पीकरला हात लावायची गरज नाही. दार आणि बॉडीच्या मधे जी रबरी नळी असते, तिच्यातून जाणारी वायर रोज वाकते आणि आतल्या आत तुटते. वरून प्लास्टिक शाबूत दिसतं, म्हणून भलेभले फसतात. तुटलेला तुकडा काढून नवी वायर जोडली की काम झालं. मात्र पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि सॉकेट दिसले तर त्यांना हात लावायचा नाही, त्या सहसा एअरबॅगच्या असतात.

वायर ठीक असेल तर डोअर पॅड काढून स्पीकर तपासायचा. त्याची वायर सोडवून मल्टिमीटर ओहमवर लावायचा. ४ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ३ ते ४ दाखवतो. आकडाच येत नसेल तर कॉइल तुटली, शून्याजवळ असेल तर शॉर्ट झाली. छोट्या ट्विटरला मात्र हा नियम लागू नाही. त्याच्या वायरीत कपॅसिटर असला की मीटर काहीच दाखवत नाही, आणि चांगला ट्विटर उगाच कचऱ्यात जातो.

मीटर नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल चालतो. दोन टोकांना क्षणभर टेकवला की ‘टक’ आवाज यायला हवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लावल्यावर कोन बाहेर येतो. एखाद्या बाजूला तो आत जात असेल तर त्या स्पीकरच्या प्लस-मायनसच्या खुणा किंवा जोडणी उलटी झाली आहे. अशा गाडीत स्पीकर सगळे वाजतात, पण बेस पोकळ लागतो, आणि लोक बेस नाही म्हणून वुफर घेतात! गाडीची १२ व्होल्टची बॅटरी या कामाला लावायची नाही, कॉइल जळेल.

कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा दाबून बघावा. आत घासल्यासारखं वाटलं तर कॉइल वाकली किंवा जळाली. ती जळते ती बहुधा आवाज शेवटपर्यंत ताणल्याने. टेपवर ‘५० वॉट × ४’ लिहिलेलं असलं तरी सलग मिळणारी ताकद साधारण १५ ते २० वॉटच असते. त्यापुढे आवाज फाटतो आणि तो फाटका आवाजच कॉइल तापवतो.

आणखी एक चूक जुन्या गाड्यांत दिसते. स्पीकरची मायनस वायर बॉडीला जोडून एक वायर वाचवायची. आजच्या बहुतेक टेपना हे चालत नाही. त्यांच्या आउटपुटच्या दोन्ही वायरींत व्होल्टेज असतं. मायनस बॉडीला टेकली की टेप बंद पडतो किंवा आतली आयसीच जाते. खड्ड्यात गाडी आदळली की टेप बंद होत असेल तर आधी सोललेली वायर शोधावी.

पावसाळ्यात दाराच्या तळाची पाणी निघायची छिद्रं मातीने बुजतात, मग पाणी आतच साचतं आणि कागदी कोन कुजतो. छिद्रं मोकळी केली नाहीत तर नवा स्पीकरही तसाच जाणार. जीजे-०५ पासिंगची जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी तर हे दार उघडून बघण्यासारखंच आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचं पाणी निम्म्याहून जास्त शहरात शिरलं होतं, आणि पूर काही तेवढाच नाही. मॅग्नेटवर गंज आणि पॅडमागे वाळलेल्या गाळाची रेघ दिसली तर प्रश्न स्पीकरचा राहत नाही, गाडीच्याच किमतीचा होतो.