इंचभर उंचीवरचा छायाप्रकाश

छंद म्हणून लहान पुतळ्या रंगविणाऱ्या नवशिक्याची निराशा बहुधा एकाच टप्प्यावर होते. मूळ रंग नीट बसलेले असतात, रंग कडेबाहेर गेलेला नसतो, तरीही शिपाई सपाट दिसतो. मग त्याला छटा देण्याचा प्रयत्न होतो आणि पुतळी मळकट होते. अशा दोन-तीन पुतळ्या बिघडल्या की रंगांची पेटी कपाटात जाते, ती पुन्हा निघत नाही. वास्तविक हा दोष हाताचा क्वचितच असतो. प्रकाश कोठून येतो हे आधी न ठरविल्याचा तो परिणाम असतो.

लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ मध्ये शिसेमिश्रित धातूचे पोकळ शिपाई बाजारात आणले. ती मुलांची खेळणी होती आणि त्यांना सपाट, चकचकीत रंग पुरेसा होता. आज नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपसारख्या कंपन्यांच्या प्लास्टिकच्या पुतळ्या साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंचीच्या असतात. साडेपाच फूट उंचीचा माणूस २८ मिलिमीटरमध्ये बसविला, तर तो साठपट लहान होतो. अंगरख्याची चुणी जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल उरते आणि खोलीतल्या सर्व बाजूंनी येणाऱ्या उजेडात तेथे ठळक सावली पडत नाही. निसर्ग जी सावली देत नाही, ती रंगाने द्यावी लागते.

यासाठी प्रकाश डोक्यावरून येतो असे मानणे सर्वांत सोपे. पुतळीला आधी सगळीकडून काळा प्रायमर द्यावा आणि तो वाळल्यावर केवळ वरच्या बाजूने पांढऱ्या रंगाचा हलका फवारा मारावा. डोके, खांदे, गालांची हाडे व चुण्यांचे माथे उजळतात. हनुवटी, काख आणि कमरपट्ट्याखालचा भाग काळा राहतो. फवारा नसल्यास एकाच दिव्याखाली पुतळी धरून मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. रंगविताना तोच नकाशा समोर ठेवावा.

छायेसाठी 'वॉश' वापरतात. हा अतिशय पातळ, गडद रंग आपोआप खोलगट भागात उतरतो. नवशिके तो सर्वांगावर ओततात व तसाच सोडतात; त्यामुळे सपाट भागावर चहाच्या डागासारखी कडा उमटते. साचलेला वॉश ओला असतानाच स्वच्छ, दमट ब्रशने टिपून घ्यावा. अर्धवट वाळलेल्या थराला मात्र हात लावू नये. पूर्ण वाळल्यानंतर खोलगट भाग सोडून उरलेल्या भागावर मूळ रंग पुन्हा द्यावा. मळकटपणा या एका पायरीने जातो आणि बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

त्यानंतर उजाळा. प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा थोडा फिकट आणि थोड्या कमी जागेवर असावा. लाल रंगात पांढरा मिसळला की तो गुलाबी होतो; म्हणून तेथे नारिंगी मिसळावा. हिरव्यात पिवळा मिसळून उजाळा आणि निळा मिसळून छाया साधते. कोरड्या ब्रशने कडा घासण्याची 'ड्रायब्रश' पद्धत केस, लोकर व साखळी-चिलखतासाठी उत्तम. गुळगुळीत कापडावर मात्र ती भुकटीसारखी दिसते.

रंग पातळच असावा. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर केव्हाही बरे. आपल्याकडील उन्हाळ्यात ॲक्रिलिक रंग ताटलीत पाहता पाहता सुकतो. उथळ डब्यात ओला स्पंज व त्यावर बेकिंगचा कागद ठेवून रंग त्यावर घ्यावा. तो बराच वेळ ओला राहतो. नावाजलेले ब्रश कोलिन्स्की या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात. ते नको असल्यास कृत्रिम तंतूंचे ब्रश शिकण्यास पुरेसे आहेत. त्यांचे टोक लवकर वळते, एवढेच.

काम तपासताना पुतळी हातभर दूर धरून डोळे किलकिले करावेत किंवा कृष्णधवल छायाचित्र पाहावे. उजेड व छाया वेगळ्या दिसत नसतील, तर फरक वाढवावा. जवळून जो फरक भडक वाटतो, तोच हातभर अंतरावर योग्य दिसतो. नवशिक्याचा उजाळा सहसा जास्त नसतो, कमीच पडतो.

सरावासाठी महाग पुतळ्यांची गरज नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची चित्रे घराघरांत असतातच. माती रंग शोषून घेते, म्हणून आधी प्रायमरचा हात द्यावा. मग एका मावळ्याच्या पागोट्याच्या घड्या तेवढ्या घ्याव्यात: खाचेत छाया, माथ्यावर उजाळा. कोणत्या रंगात काय आणि किती मिसळले, हे वहीत टिपून ठेवावे आणि दुसऱ्या मावळ्यावर तेच पुन्हा करावे. दोन्ही मावळे शेजारी ठेवले की प्रगती किती झाली, हे कोणाला विचारावे लागत नाही.